हिरवं म्हणजे नेमकं कुठलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हिरव्या रंगावरचा लेख वाचला. श्रावण, हिरवा चुडा, डोहाळजेवण, सगळं छान लिहिलंय, पण त्याच अंकात पावसाचा नकाशा होता, सरासरीपेक्षा जास्त पाऊस हिरवा आणि कमी तो लाल, आणि मला अख्खा महाराष्ट्र एकाच रंगाचा दिसला. मी रंगांध आहे. म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट दिसतं असं नाही हो (हे सांगून सांगून कंटाळलोय), निळं पिवळं मस्त दिसतं, लाल-हिरवं-चॉकलेटी यात घोळ होतो.

बायकोच्या डोहाळजेवणाला हिरवी साडी आणायला मला एकट्याला पाठवलं होतं. चांगली गर्द हिरवी बघून आणली, घरी पिशवी उघडली तर चॉकलेटी! सासूबाई एवढंच म्हणाल्या, घडी मोडली नाहीये तोवर बदलून आणा.

डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी 3 प्रकारच्या असतात, त्यातली हिरव्याला सर्वात जास्त दाद देणारी 530 नॅनोमीटरच्या (प्रकाशलहरीच्या लांबीचं माप) आसपास आणि लालवाली 560 च्या आसपास, म्हणजे मुळातच दोघी शेजारणी, आमच्यात त्यातली एक नसते किंवा दुसरीच्या आणखी जवळ सरकलेली असते. हे जीन एक्स गुणसूत्रावर, पुरुषांकडे तो एकच, म्हणून आमच्यात हे जास्त. आईला काही नाही, माझ्या मामाला आहे आणि मला आहे.

सिग्नलला वरचा लाल, खालचा हिरवा हे पाठ असतं, आडवा सिग्नल आला की पुढच्या गाडीकडे बघायचं. खाण्याच्या पाकिटावर पूर्वी व्हेजचा हिरवा ठिपका आणि नॉनव्हेजचा चॉकलेटी ठिपका असायचा, आम्हाला दोन्ही सारखेच. 2020 च्या नियमांत नॉनव्हेजसाठी त्रिकोण आला तेव्हा मी शाकाहारी माणूस खरंच सुटलो, चिप्स घेताना पोराला विचारावं लागत नाही.

सरकारला जमलं ते तुम्हालाही जमेल. शेअर बाजाराच्या पानावर नुसते हिरवे-लाल आकडे छापता, त्यांच्याआधी अधिक-उणे टाका, आणि पावसाच्या नकाशात लाल जिल्ह्यांवर तिरप्या रेघा मारा, हिरवा आहे तसाच राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, सातारा