वडिलांचा पाइप पेटवण्याआधी

महोदय,

कपाटात सापडलेला वडिलांचा किंवा आजोबांचा तंबाखू ओढण्याचा पाइप तरुण मुलं हौसेने तसाच पेटवतात. तो नीट हाताळला जावा, म्हणून हे पत्र. माझ्या वडिलांचा पाइप ब्रायरचा. भूमध्य समुद्राकाठच्या ‘एरिका आर्बोरिया’ या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ म्हणजे ब्रायर. आच सोसणारं लाकूड. फ्रान्समधलं सां-क्लोद गाव १९व्या शतकापासून या कामासाठी नावाजलेलं आहे.

पाइप नवा असेल तर आधी अर्धाच भरावा आणि अगदी सावकाश ओढावा. आतून काजळीचा थर धरतो, तोच लाकडाला वाचवतो. थर साधारण १ मिलिमीटर पुरे. फार जाड झाला तर तापून फुगतो आणि लाकडाला तडा देतो. तो चाकूने खरवडू नये, त्यासाठी रीमर नावाचं खरवडायचं हत्यार मिळतं. तापलेल्या पाइपाची नळी तर कधीच उपसू नये, सांध्याशी मोडते. गार झाल्यावर कापूस गुंडाळलेली तार नळीतून फिरवावी आणि पाइप दिवसभर सुकू द्यावा. काळी व्हल्कनाइटची, म्हणजे कडक रबराची नळी उन्हात हिरवट-तपकिरी पडते, म्हणून पाइप खिडकीत मांडू नये.

धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तंबाखूला न शिवलेल्यांनी पाइप नुसता जपावा, हे मी कळकळीने सांगतो.

जुने पाइप दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची माहिती आपल्या पुरवणीत छापावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा