बाबांना सुखरूप घरी पोहोचवणाऱ्या दोघांचे आभार

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आमचे बाबा कोणालाही न सांगता घराबाहेर पडले आणि परतीचा रस्ता विसरून बसथांब्यावर दीड तास बसून राहिले. स्मृतिभ्रंशात बहुधा ताज्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या टिकतात, आणि दिवस मावळताना अनेकांचा गोंधळ वाढतो. म्हणूनच ते 30 वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा पत्ता विचारत होते. आपण दोघांनी त्यांना एकदाही खोटे पाडले नाही, प्रश्नांचा भडिमार केला नाही. शेजारी बसून त्यांच्या नोकरीच्या आठवणी ऐकत राहिलात आणि त्यांनीच खिशातून काढून दिलेल्या चिठ्ठीवरून आम्हाला फोन केलात.

आम्ही पोहोचलो तेव्हा आपल्यातील ताई खाली बसून त्यांच्या सँडलचा सुटलेला पट्टा लावत होत्या. घरी याच पट्ट्यावरून रोज वाद होतो, कारण आयुष्यभर स्वतःचे स्वतः करणाऱ्या माणसाला ही मदत बोचते. ताईंनी मात्र आधी “लावू का?” असे विचारले होते, असे बाबांनीच सांगितले. आम्ही कधीच विचारले नव्हते, आता विचारतो.

त्या गडबडीत आपली नावे विचारायची राहिली. आम्ही सर्व भावंडे आपले मनःपूर्वक ऋणी आहोत.