कौन्सिलवर बसण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष म्हणून आता तू विद्यापीठाच्या कौन्सिलवरही, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळावरही, बसशील. इंग्लंडमधली बहुतेक विद्यापीठं कायद्यानं चॅरिटी, म्हणजे धर्मादाय संस्था, आहेत आणि कौन्सिलचे सदस्य हे त्या चॅरिटीचे विश्वस्त. तिथे विद्यार्थी-सदस्य म्हणून जबाबदारी काही कमी होत नाही.

वर्षाला साडेनऊ हजार पौंडांहून जास्त फी घेणारी संस्था धर्मादाय कशी, हे तुला मतदार विचारणारच. फी घेणं चॅरिटीच्या आड येत नाही. १६०१ च्या एलिझाबेथकालीन कायद्याच्या प्रस्तावनेत धर्मादाय कामांची यादी आहे. तीत गरिबांना मदत, पूल-रस्त्यांची डागडुजी आणि विद्यापीठातले विद्यार्थी हे सगळं एकाच पंगतीत बसवलंय. आज चॅरिटीज अ‍ॅक्ट २०११ लागू आहे. त्यातल्या १३ हेतूंत शिक्षणाचा प्रसार दुसरा. पण हेतू यादीत आहे म्हणून सुटका नाही. सार्वजनिक हित गृहीत धरलं जात नाही, ते दाखवावं लागतं.

दाखवायचं म्हणजे काय? फी जास्त असेल तर गरिबांना दार बंद होता कामा नये आणि त्यांच्यासाठीची सोय नावापुरती नको. २०११ मध्ये खासगी शाळांच्या खटल्यात न्यायाधिकरणानं हेच सांगितलं. नाममात्रच्या पुढे किती करायचं, ते विश्वस्तांनी ठरवायचं. म्हणजे शिष्यवृत्तीचा कागद पुढे येईल तेव्हा 'कायद्यात बसतंय ना' एवढं विचारून थांबू नकोस. उरलेला निर्णय तुमचाच असतो.

दुसरी कसोटी खासगी लाभाची. कोणाचा खासगी फायदा झाला तर तो मूळ कामाच्या ओघात, आनुषंगिक असावा. संशोधनात हे नेमकं अडतं. निष्कर्ष लोकांपर्यंत पोचणार असतील तर ते धर्मादाय काम. एखाद्या कंपनीनं पैसे देऊन अहवाल कुलूपबंद ठेवायचा म्हटलं, तर तो धंदा. असा धंदा बहुधा विद्यापीठाच्या मालकीच्या वेगळ्या कंपनीतून करतात आणि ती आपला नफा विद्यापीठाला देणगी म्हणून देते. वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत पैसे प्रत्यक्ष वळते झाले नाहीत, तर त्या वर्षाची करसवलत हुकते. तारीख विचारत जा.

सवलतींचंही सांगते, कारण लोकांना वाटतं चॅरिटीला सगळंच माफ. धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या इमारतींवरच्या बिझनेस रेट्समध्ये, म्हणजे बिगर-निवासी जागांवरच्या स्थानिक करात, ८० टक्के सूट आहे. व्हॅटचं मात्र उलटं: शिक्षणावर व्हॅट लागत नाही, म्हणूनच त्यासाठीच्या खरेदीवर भरलेला व्हॅट परतही मिळत नाही. नवी इमारत अंदाजापेक्षा महाग का पडते, याचं एक कारण हे.

तुमच्या विद्यापीठाचा चॅरिटी क्रमांक शोधलास तर बहुधा सापडणार नाही. ती 'एक्झेम्प्ट' चॅरिटी असते. सूट आहे ती चॅरिटी कमिशन या चॅरिटींच्या नियामकाकडे नोंदणी करण्यापासून, कायद्यापासून नव्हे. देखरेख २०१८ पासून ऑफिस फॉर स्टुडंट्स या उच्च शिक्षणाच्या नियामकाकडे आहे. (ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांची ही सूट २०१० मध्ये गेली, त्यांना स्वतंत्र नोंदणी करावी लागली.)

३१ जुलैला आर्थिक वर्ष संपलं की ताळेबंदासोबत सार्वजनिक हिताचं निवेदन येईल. तिथे बहुतेकदा घोळ होतो. ते प्रसिद्धी विभाग शेवटच्या आठवड्यात लिहितो. मग त्यात क्रमवारी, पुरस्कार आणि उद्घाटनांचे फोटो. हितापेक्षा कौतुकच जास्त. प्रत्येक आकड्याखाली छेद माग. '४०० जणांना मदत' म्हणजे किती अर्जांपैकी, किती रक्कम, आणि त्यातले किती जण पदवीपर्यंत टिकले?

मग ताळेबंदाच्या टिपांमधले राखीव देणगी-निधी बघ. देणगीदारानं अट घातलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. अट फार अरुंद असली की पात्र विद्यार्थीच मिळत नाही, निधी वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि कागदावर विद्यापीठ श्रीमंत दिसतं. अशा अटी बदलून घ्यायची कायदेशीर वाट असते. कोणी मुद्दा काढत नाही म्हणून ते राहून जातं. तू काढ.

आता तुझी खरी अडचण. विद्यार्थी संघटना ही वेगळी चॅरिटी, आणि तू दोन्हींची विश्वस्त. कौन्सिलमध्ये तू विद्यापीठाच्या हेतूंसाठी बसतेस, मतदारांची वकील म्हणून नव्हे. विद्यार्थ्यांचं म्हणणं जरूर मांड, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. पण संघटनेच्या वार्षिक अनुदानाचा विषय निघाला की हितसंबंध आधी जाहीर कर आणि कौन्सिलचे अध्यक्ष सांगतील तर खोलीबाहेर जा. आत थांबून गप्प बसणं पुरेसं नाही. इतिवृत्तात तू हजर होतीस एवढंच उरतं.

हितसंबंधांच्या नोंदवहीचा फॉर्म पहिल्या बैठकीआधी भरायचा असतो. संघटनेचं पद आणि तिथला पगार, दोन्ही त्यात लिही.

तुझी,
आई