इंग्रजी परिच्छेद: तयार उत्तरांऐवजी वाक्यांची जोडणी शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांत टक्केवारीची चर्चा रंगते; त्या चर्चेत इंग्रजी विषयाच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीत सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरले जात असल्यामुळे, इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे ते गुण टक्केवारीतून गळून जातात आणि त्याची अडचण अकरावीच्या पहिल्या चाचणीपर्यंत कोणाच्याच नजरेस येत नाही. विज्ञान शाखेत गेलेल्या मुलासमोर सगळी पुस्तके इंग्रजी असतात, आणि तेथे ‘कारणे द्या’ किंवा ‘स्पष्ट करा’ या प्रश्नांची उत्तरे सलग चार-सहा वाक्यांत, एकाला एक बांधून लिहावी लागतात. मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारा शिक्षक म्हणून या अडचणीच्या एका विशिष्ट कारणाकडे वाचकांचे, आणि शक्य झाल्यास राज्य मंडळाचे, लक्ष वेधावे यासाठी हे पत्र लिहीत आहे.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते, म्हणजे दहावीच्या वर्गात बसलेल्या मुलाने हा विषय दहा वर्षे अभ्यासलेला असतो. तरीही त्याला स्वतःच्या मनातला एक परिच्छेद लिहिता येत नाही, यावर सर्वांना एकच उपाय सुचतो: शब्दसंग्रह वाढवा. मग वहीच्या मागच्या पानांवर शब्द आणि समोर मराठी अर्थ अशा याद्या तयार होतात, फळ्याच्या कोपऱ्यात ‘आजचा शब्द’ येतो आणि निबंधात पेरण्यासाठी शेलक्या म्हणी पाठ करून घेतल्या जातात. या साऱ्या खटाटोपाला माझा विरोध नाही, पण तो नेमक्या दुखण्यावर होत नाही. सेमी-इंग्रजीच्या मुलांना ‘फोटोसिंथेसिस’ येते, ‘अ‍ॅक्सिलरेशन’ येते, ‘पेरिमीटर’ येते. मोबाइलमुळे ‘नोटिफिकेशन’ आणि ‘सबस्क्राइब’ तर येतातच. त्यांच्याकडे नामे आणि क्रियापदे पुष्कळ आहेत. नसतात ते ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’, ‘इन्स्टेड’, ‘व्हेअरअ‍ॅज’ यांसारखे शब्द, ज्यांच्यामुळे एक वाक्य दुसऱ्याला कारण, अट, अपवाद किंवा परिणाम म्हणून चिकटते. अर्थ विचारला तर यांतले दोन-तीन ते सांगतीलही, परंतु लिहिताना ते लेखणीवर येत नाहीत.

याचे रूप उत्तरपत्रिकेत कसे दिसते ते सांगतो. ‘आमच्या गावातील पाणी’ या विषयावर नववीचा एक सर्वसाधारण विद्यार्थी असे लिहितो: ‘आवर व्हिलेज हॅज अ वेल. द वेल ड्राइज अप इन मार्च. विमेन गो फार. टँकर कम्स. टँकर इज लेट.’ शेवटच्या वाक्यांतले गळलेले उपपद सोडले तर यात दुरुस्त करण्यासारखे थोडे आहे. स्पेलिंगही बहुधा बरोबर असते, त्यामुळे शिक्षक बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळतात. पण पाचही वाक्ये आपापल्या जागी सुटी उभी आहेत आणि वाचणाऱ्याला त्यांतला संबंध स्वतःच लावावा लागतो. त्याच मुलाला मराठीत विचारले, तर तो एका दमात सांगतो की गावात विहीर आहे खरी, पण ती मार्चमध्येच आटते, म्हणून बायकांना लांब जावे लागते, आणि टँकर आला तरी वेळेवर येत नाही. ‘खरी’, ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ या चार शब्दांत त्याची सारी विचारशक्ती दिसते. इंग्रजीत उतरताना नेमके हेच चार गळतात, आणि हुशार मूल मंद वाटू लागते. ‘ऑल्दो’, ‘सो’ आणि ‘ईव्हन व्हेन’ एवढे तीन शब्द देऊन तेच पुन्हा लिहायला सांगितले, तर पाच तुटक वाक्यांची दोन बांधीव वाक्ये होतात, आणि त्यासाठी एकही नवे नाम शिकवावे लागत नाही.

येथे मराठीच्या तासाची मदत घेता येते, आणि ती आपण घेत नाही याचे मला आश्चर्य वाटते. उभयान्वयी अव्यये हा प्रकरणविशेष प्रत्येक मुलाने मराठी व्याकरणात शिकलेला असतो. न्यूनत्वबोधक, परिणामबोधक, कारणबोधक, संकेतबोधक ही नावे परीक्षेपुरती का होईना, त्याच्या तोंडी असतात. इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर हेच चार रकाने आखून ‘परंतु’खाली ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’, ‘म्हणून’खाली ‘सो’ आणि ‘देअरफोर’, ‘कारण’खाली ‘बिकॉज’ आणि ‘सिन्स’, ‘जर-तर’खाली ‘इफ’ आणि ‘अनलेस’ लिहिले, तर मुलाला नवी चौकट शिकावी लागत नाही. वाक्यरचनेतील भेद मात्र स्वतंत्रपणे शिकवावा लागतो, कारण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. शिवाय ‘ऑल्दो’ने सुरू केलेल्या वाक्यात मुले हटकून ‘बट’ही घालतात, कारण मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ यावेच लागते. ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठीच्या नियमाने केलेली चूक आहे, आणि तसे समजावून सांगितले की मुले ती लवकर सोडतात. वर्गात मराठीचा शब्द निघाला की इंग्रजीचे नुकसान होते असे मानणाऱ्यांना हे पटणार नाही, परंतु आपले मराठी गद्यही या देवाणघेवाणीतूनच घडले आहे. मोडीतल्या जुन्या लेखनात विरामचिन्हे नव्हती. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी ती मराठी पाठ्यपुस्तकांत आली आणि आज कोणाला ती परकी वाटत नाहीत.

शब्दसंग्रह किती आणि कोणता, हा प्रश्न तरीही उरतोच. मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षकाने १९२० च्या दशकात ढाक्यात काम करताना, बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे म्हणून मोजक्या शब्दांत बसवलेली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे दोन हजार मूळ शब्दांची सूची प्रसिद्ध केली. सामान्य इंग्रजी मजकुरातील जवळपास चार-पंचमांश शब्द या सूचीतच मिळतात. आज तिच्यात भर पडली आहे आणि नव्या सूच्याही निघाल्या आहेत, पण तिच्यामागचा विचार जुना झालेला नाही: दुर्मीळ शब्दांच्या मागे लागण्याआधी वारंवार लागणारे शब्द हाताशी पक्के असावेत. आठवड्याला दहा शब्द आणि वर्षाकाठी तीस आठवडे धरले, तरी आठवी ते दहावी या तीन वर्षांत नऊशे शब्द होतात. प्राथमिक शाळेतून आलेल्या शब्दांत हे मिळवले, तर दहावीच्या मुलाला कोणत्याही परिचित विषयावर लिहिण्यास अडू नये.

मात्र ते शब्द वहीत कसे जातात याला महत्त्व आहे. शब्द आणि अर्थ अशी जोडी लिहून भागत नाही. शब्दाबरोबर त्याचा शेजारही लिहावा लागतो. पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’ असतो, चूक ‘मेक’ करायची असते आणि गृहपाठ ‘डू’ करायचा असतो, हे कोणत्याही नियमातून निघत नाही. ते जोडीनेच लक्षात राहते. त्यानंतर त्या शब्दाचे कुटुंब येते. ‘प्रोड्यूस’ शिकवला त्याच दिवशी ‘प्रोडक्शन’, ‘प्रोडक्ट’ आणि ‘प्रोडक्टिव्ह’ दाखवले, तर एका कष्टात चार शब्द पदरात पडतात, आणि सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते पुन्हा भेटतात. तिसरी बाब उजळणीची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरले जाते आणि मध्ये अंतर सोडून केलेली उजळणी अधिक टिकते. असे असूनही आपल्याकडे घटक चाचणीच्या आदल्या रात्री पन्नास शब्द घोकण्याची प्रथा सुखेनैव चालू आहे. दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात आणि पुढच्या महिन्यात तोच शब्द वेगळ्या वाक्यात मागितला, तर घोकण्याची गरज बहुतांशी उरत नाही. यासाठी परिच्छेदासारखे साधन नाही, कारण आठवड्याच्या दहा शब्दांपैकी पाच वापरून पाच-सहा वाक्ये लिहायला लावली की शब्दांची उजळणी आणि वाक्यांची जोडणी एकाच वेळी होते. शब्दांचा तास वेगळा आणि लेखनाचा तास वेगळा, ही आपली विभागणीच मुळात चुकीची आहे असे माझे मत आहे.

आता परीक्षेविषयी. मंडळाने प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आणली, तेव्हा पाठांतराला आळा बसेल अशी अपेक्षा होती, आणि कृतींची रचना पाहिली तर ती अपेक्षा रास्तच होती. तक्ता किंवा आलेख देऊन त्यावरून परिच्छेद लिहायला सांगणे, एका मताविरुद्ध दुसरे मत मांडायला सांगणे, या कृती उत्तम आहेत. यांत उभयान्वयी अव्ययांवाचून पाऊलही टाकता येत नाही. पण बाजाराने त्यांनाही गाठले. कोणत्याही आलेखाला चालेल अशी सुरुवात आणि कोणत्याही मताला लागू पडेल असा शेवट मार्गदर्शकांत छापून मिळतो. मधल्या जागेत आकडे तेवढे बदलायचे. परीक्षकाकडे वेळ थोडा असतो आणि नीटनेटक्या साच्याला गुण देणे सोपे असते. परिणामी, साचा पाठ करणाऱ्याला पाचपैकी चार मिळतात आणि स्वतःच्या शब्दांत, दोन चुका करून, पण अर्थाची साखळी सांभाळून लिहिणाऱ्याला अडीच. मुले हे पाहतात आणि त्यावरून शहाणी होतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की तयार उत्तरे काढून घेतली तर ग्रामीण भागातील आणि पहिल्या पिढीत शिकणारी मुले नापास होतील. या चिंतेमागील कळकळ मी समजतो, परंतु पाठ केलेल्या परिच्छेदाच्या आधारे ३५ गुण मिळवून पुढे गेलेल्या याच मुलांपैकी अनेकजण अकरावी-बारावीत मागे पडतात, आणि तेथे त्यांना सावरायला कोणी नसते. शिवाय तीन साधी वाक्ये ‘बिकॉज’ आणि ‘सो’ने जोडणे हे दीडशे शब्दांचा न समजलेला उतारा पाठ करण्यापेक्षा सोपे आहे.

दुसरा आक्षेप वह्या तपासण्याचा, आणि तो खरा आहे. साठ मुलांचा वर्ग, असे तीन वर्ग, त्यात निवडणुकीची, सर्वेक्षणाची आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे. प्रत्येक आठवड्याला प्रत्येक परिच्छेदातील प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. ते आवश्यकही नाही, कारण लाल शाईने भरलेले पान मूल वाचत नाही, मिटते. एका आठवड्यात केवळ जोडणीच तपासावी, पुढच्या आठवड्यात केवळ काळ, त्यानंतर उपपदे. शेजारी बसणाऱ्या दोघांनी आधी एकमेकांचे वाचून ‘येथे का?’ एवढाच प्रश्न समासात लिहावा. मग शिक्षकाने दररोज आठ-दहा वह्या पाहाव्यात आणि मुलाने तोच परिच्छेद सुधारून पुन्हा लिहावा. दुसऱ्यांदा लिहिणे आपल्या शाळांतून जवळपास हद्दपार झाले आहे. पहिला खर्डा हाच अंतिम, अशी मुलांची समजूत झाली आहे आणि ती आम्हा शिक्षकांच्या घाईनेच करून दिली आहे.

हे एकट्या शिक्षकाच्या उत्साहावर सोडू नये. प्राथमिक स्तरावर ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने राज्यात ‘तेजस’ उपक्रम राबवला गेला, त्यात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने एकत्र बसून वर्गातील अडचणींची चर्चा करत. माध्यमिक शिक्षकांसाठी तालुका पातळीवर असे गट असावेत आणि त्यांत इंग्रजीबरोबर मराठीच्याही शिक्षकांना बोलवावे, म्हणजे दोन्ही तासांना एकच मूल बसते याचे भान राहील.

राज्य मंडळाकडे माझ्या दोनच विनंत्या आहेत. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण शाळेच्या हातात असतात. त्यांतील निम्मे तरी वर्षभरातील परिच्छेदांच्या वहीसाठी राखावेत, आणि त्या वहीत पहिला खर्डा व सुधारलेला खर्डा दोन्ही असणे बंधनकारक करावे. दुसरी विनंती अशी की लेखनकृतींसाठी परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत वाक्यांच्या परस्परसंबंधाला स्वतंत्र गुण ठेवावेत, आणि साच्यातील व स्वतःच्या शब्दांतील अशा दोन्ही प्रकारच्या उत्तरांना किती गुण द्यावेत याचे तपासलेले नमुने सर्व शाळांना उपलब्ध करून द्यावेत. हे नमुने जुलैअखेरपर्यंत शाळांत पोहोचले, तर प्रथम सत्र परीक्षेपासूनच आम्हाला त्याप्रमाणे तपासता येईल.

आपला,
इंग्रजीचा एक माध्यमिक शिक्षक,
जि. सातारा