जात्याला टाकी लावणारा माणूस पगारावर ठेवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,
सप्रेम नमस्कार.

साहेब, गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको दोन्ही पोरांना घेऊन एका ग्रामसंस्कृती महोत्सवाला गेलो होतो. कुठला ते लिहीत नाही, असे महोत्सव आता दर थंडीत सगळीकडे होतात आणि मला कुणा एकावर बोट ठेवायचं नाहीये. तिकीट काढलं, आत कमान होती, बैलगाडी होती, हुरड्याचा स्टॉल होता, आणि एका कोपऱ्यात शेणानं सारवलेल्या ओट्यावर जातं मांडलं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती जात्यापुढं बसली, मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरून जोर लावून फिरवलं आणि बाजूनं अख्खीच्या अख्खी ज्वारी बाहेर आली. तिनं परत टाकली, परत तेच. मग मला विचारते, पप्पा हे खोटं आहे का?

खोटं नव्हतं ओ. चांगलं जुनं काळ्या दगडाचं जातं होतं, कुणाच्यातरी पाडलेल्या वाड्यातून आलेलं असणार. फक्त त्याला टाकी लावलेली नव्हती. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग छिन्नी-हातोडीनं त्याला बारीक बारीक खाचे पाडावे लागतात, त्याशिवाय दाणा धरतच नाही. आमच्या लहानपणी गल्लीतनं "जात्याला टाकीऽऽ" असं ओरडत बाया यायच्या, ओसरीवर बसून टक टक टक करून जायच्या आणि बदल्यात पसाभर धान्य न्यायच्या. त्या महोत्सवात जातं होतं पण ती बाई नव्हती, आणि तिथं उभ्या असलेल्या पोराला टाकी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, त्याची काही चूक नाही, त्याला तीन दिवसांच्या रोजावर आणलेलं.

त्या दिवसापासून डोक्यात हेच चाललंय आणि म्हणून हे पत्र. वस्तू आपल्याकडं भरपूर आहेत. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा, एका माणसानं आयुष्यभर फिरून जमवलेले दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी बघून थक्क व्हायला होतं. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बारा बलुतेदारांचं अख्खं गाव पुतळ्यांमध्ये उभं केलंय, इतकं बारकाईनं की माझ्या आत्यानं तिथल्या म्हशीला हात लावून बघितला. मी दोन्हीकडं पोरांना नेलंय, परत नेईन. पण पुतळा टाकी लावून दाखवू शकत नाही, आणि काचेच्या मागचं जातं दळत नाही. आपल्याला ते गाव हवंय जिथं माणूस काम करताना दिसेल, पोरं त्याच्याशेजारी बसतील, त्यांच्या हातून काम बिघडेल आणि तो माणूस परत दाखवेल.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. स्वीडनमध्ये १८९१ साली आर्थर हाझेलियस नावाच्या माणसानं स्टॉकहोमला स्कान्सेन सुरू केलं. कारखाने वाढत होते, खेडी बदलत होती, तेव्हा त्यानं देशभरातली जुनी घरं उचलून आणून एका टेकडीवर वसवली आणि नुसती घरं ठेवून थांबला नाही, त्यात माणसं बसवली, काम करणारी, आणि सण त्या त्या ऋतूत तिथंच साजरे व्हायला लागले. आजही उन्हाळ्यातला मिडसमर, डिसेंबरातला लुसियाचा सण आणि नाताळचा बाजार तिथं भरतो आणि लोक पोरंबाळं घेऊन जातात.

बरं स्वीडन लांब राहिलं, चेन्नई तर लांब नाही. चेन्नईच्या दक्षिणेला समुद्राच्या रस्त्यावर मुट्टुकाडूला दक्षिणचित्र आहे, १९९६ साली सुरू झालेलं. तमिळनाडू, केरळ, आंध्र, कर्नाटकातली पडायला आलेली खरी घरं विकत घेऊन, एकेक खांब एकेक तुळई सुटी करून आणली आणि परत जोडली. त्यात कर्नाटकातल्या इलकलच्या विणकराचं घर आहे. आमची आत्या जन्मभर इरकल लुगडं नेसली, ते विणणाऱ्या माणसाचं घर कसं होतं हे मला चेन्नईला जाऊन कळलं. तिथं माझा मुलगा कुंभाराच्या चाकावर बसला, त्याचं मडकं तीनदा बसकलं आणि चौथ्यांदा वाकडंतिकडं का होईना उभं राहिलं, ते अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. पोंगलला पोंगल, नवरात्रात बाहुल्यांचा गोलू, असं वर्षभर तिथं सणांप्रमाणं काहीतरी चालू असतं. आणि महाराष्ट्रातल्या झोपड्या बघायच्या तर राजस्थानात उदयपूरच्या शिल्पग्रामला जा! तिथं आपल्याकडच्या घरांना जागा मिळाली याचा आनंदच आहे, पण आपल्याच राज्यात ती का नसावी साहेब?

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमच्याकडची घरं माळवदाची, म्हणजे दगडमातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर सागवानी लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात इतकं गार की दुपारी पांघरूण घ्यावं. तीच माती हजारो माणसांच्या अंगावर आली. आमचं अर्धं माळवद कोसळलं, माणसं वाचली. त्यानंतर गावं नव्या जागी बसली, सरळ रस्ते, सिमेंटची घरं, आणि लोकांनी माळवदाचं नाव टाकलं ते टाकलंच, मी कुणाला दोष देणार नाही, आमच्या आईनं पुढं कित्येक वर्षं मातीच्या छताखाली पाठ टेकली नाही. पण त्या घराबरोबर बळद गेली, पेव गेली, धान्य साठवायची अख्खी रीत गेली. पेव म्हणजे जमिनीत खोल बाटलीसारखा खड्डा, आतनं कडबा-भुसा लावून त्यात ज्वारी भरायची, वर्षानुवर्षं टिकायची, उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही कारण आतली हवा माणसाला मारते, कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर थांबायचं. हे मला आत्यानं सांगितलंय. माझ्या पोरांना मी तोंडी सांगू शकतो, दाखवू काहीच शकत नाही. माळवदाचं एक तरी घर इंजिनिअरला बसवून, भिंतींना नीट बांधून, वरची माती कमी करून, सुरक्षित असं परत बांधलं पाहिजे, आणि त्याच घरात भूकंपाचीही गोष्ट सांगितली पाहिजे.

तसंच कोकणातलं चिऱ्याचं घर, ओटी, पडवी, माजघर आणि पुढं खळं. विदर्भातलं कवेलूचं घर. डहाणू-जव्हारकडचं कुडाच्या भिंतीचं वारली घर, ज्यावर बाया लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठानं चौक काढतात. ही घरं रोज पडतायत साहेब, आणि त्यांचे कोरीव खांब, चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात जाऊन पुढं हॉटेलांच्या भिंतींवर लागतायत. दहा वर्षांनी विकत घ्यायला जाल तर घरच शिल्लक नसेल.

आता ऋतूंचं बोलतो, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त तिथंच फसतं. आपले महोत्सव प्रायोजक मिळेल तेव्हा, शनिवार-रविवार बघून होतात. मेमध्ये भोंडला आणि दिवाळीत हुरडा असं करून चालत नाही. गावाचं कॅलेंडर पिकावर चालतं. मृगाला पेरणी, तेव्हा तिफण धरायला द्या पोरांना, पाय चिखलात जाऊ द्या, काही होत नाही. कोल्हापूर-सांगलीकडं बेंदूर आषाढाच्या सुमारास होऊन जातो आणि आमच्याकडं पोळा श्रावण अमावस्येला, हा फरकसुद्धा पोरांना कळला पाहिजे, आणि विदर्भातला तान्हा पोळा तर खास लेकरांचाच, लाकडी बैल सजवून ओढत न्यायचे. अश्विनात हादगा, भोंडला, भुलाबाई. दिवाळीला मातीचा किल्ला, तोही कुंभाराच्या मातीनं आणि कुंभारानंच केलेल्या मावळ्यांचा. थंडी पडली की गुऱ्हाळ. गुऱ्हाळ एकदा नीट दाखवायचं म्हटलं तर अख्खा दिवस जातो, चुलाणात चिपाडं सारणारा माणूस वेगळा, रसात भेंडीचं पाणी सोडून मळी वर काढायची, आणि काहील नेमकी कुठल्या क्षणाला उतरवायची ते फक्त गुळव्याला कळतं, तो पाण्यात थेंब टाकून बघतो, काही जण तर नुसत्या वासावरून सांगतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुळव्या व्हायला आज किती पोरं तयार आहेत?

आणि मार्गशीर्ष अमावस्येला आमची वेळ अमावस्या, येळवस. लातूर, धाराशिवकडं त्या दिवशी शहरं रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, त्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, आणि ज्याच्या शेतात जाल तो जेवल्याशिवाय सोडत नाही. महाराष्ट्रातल्या बाकीच्या लोकांना हा सण माहीतसुद्धा नसतो. पुण्यात माझ्या ऑफिसात दरवर्षी सुट्टी मागताना मला समजावून सांगावा लागतो.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायचीय. गाव दाखवायचं तर गोड गोड दाखवू नका. बारा बलुतेदारांची नावं घेताना आपण फार भावुक होतो, पण त्याच गावात पाणवठे वेगळे होते, गावकुसाबाहेर वस्ती होती, महाराला वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घ्यायचे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतन बंद केलं, बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध कितीतरी वर्षं लढा दिला आणि मुंबई राज्यात त्याचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. हे त्या गावात दिसलं पाहिजे, पाटी लावून नव्हे तर माणसांच्या तोंडून. अमेरिकेत व्हर्जिनियात विल्यम्सबर्ग नावाचं जुनं शहर असंच जिवंत करून दाखवतात. अठराव्या शतकात तिथं निम्म्याहून जास्त लोकसंख्या काळ्या लोकांची होती, बहुतेक गुलाम, पण कितीतरी वर्षं पाहुण्यांना विग घातलेले साहेबच दिसायचे. १९७९ पासून त्यांनी काळ्या कलाकारांकडून ती बाजू सांगायला सुरुवात केली आणि १९९४ साली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला, त्यावर प्रचंड वाद झाला, लोक विरोध करायला आले. आपल्याकडंही वाद होईल. होऊ द्या. माझ्या मुलीनं त्या गावात दोन पाणवठे बघून "दोन का?" असं विचारलं पाहिजे आणि तिला खरं उत्तर मिळालं पाहिजे. आणि कुठलंही काम जातीवर देऊ नका, ज्याला येतं तो गुरू आणि ज्याला शिकायचंय तो शिष्य, मग तो कुणाचाही असो.

पैशाचं म्हणाल तर इमारतीला, उद्घाटनाला, लाईट-साऊंडला निधी सापडतो हे आम्ही बघतो. मी वेगळ्या गोष्टीसाठी मागतोय. केंद्राची विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात अठरा व्यवसायांना अवजारांसाठी पंधरा हजार आणि ट्रेनिंगच्या काळात रोजचे पाचशे रुपये मिळतात, चांगलंच आहे. पण ट्रेनिंग संपल्यावर तो लोहार, तो बुरूड जाणार कुठं? गिऱ्हाईक तर प्लॅस्टिककडं गेलंय. त्याला वर्षभराचा पगार द्या, मास्तर म्हणून नेमा, बाराही महिने. तीन दिवसांच्या महोत्सवाचं मानधन नको, ज्यात प्रवासखर्चच निघत नाही आणि चेक चार महिन्यांनी येतो. प्रत्येक मास्तरामागं दोन शिकाऊ पोरं ठेवा, त्यांनाही स्टायपेंड द्या. आपल्या राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्यात शाळांच्या सहली शेतावर नेण्याची सोय होऊ शकते, त्या सहली इकडं वळवा. आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना फुकट सोडा, तिकीट आमच्यासारख्या पगारदारांना लावा, आम्ही आनंदानं देऊ.

जागा तुम्ही ठरवा. माझं एवढंच म्हणणं की माळरान घेऊन नवीन काहीतरी उठवण्यापेक्षा एखादं असं गाव शोधा जिथं पाच-दहा वाडे अजून उभे आहेत आणि माणसं राहतात, आणि गावकऱ्यांच्या ग्रामसभेत जाऊन आधी विचारा. त्यांना नको असेल तर दुसरीकडं चला.

घाई यासाठी करतोय की माझी आत्या आता शहात्तर वर्षांची आहे. पेव कसं भरतात, जात्यात वैरण किती घालायची (जात्यात टाकायच्या दाण्यालाही वैरणच म्हणतात, हे मला या वर्षी कळलं), कुठली ओवी पहाटेची आणि कुठली लेकीच्या लग्नाची हळद दळतानाची, सगळं तिला येतं. मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवतोय, पण मोबाईल समोर धरला की ती लाजते आणि अर्ध्यात थांबते. जात्यावर बसली आणि शेजारी कुणी पोरगी बसली की मग आपोआप येतं. आमच्या घरच्या जात्याला यंदा टाकी लावायला माणूस शोधला, चार गावं पालथी घातली, शेवटी एक म्हातारे वडार काका सापडले, त्यांनी तासाभरात लावून दिली आणि म्हणाले, अशी बोलावणी आता वर्षा-दोन वर्षातनं एखादी येते. त्यांच्या नातवाला येतं का विचारलं तर तो जेसीबीवर आहे म्हणाले.

साहेब, येत्या वेळ अमावस्येला आमच्या शेतात या. ताफा नको, एक गाडी पुरे, रस्ता अरुंद आहे. जातं कोपीच्या बाहेर मांडून ठेवतो, आत्या असेल, वडार काकांनाही बोलावलंय, ते हो म्हणालेत. ज्वारी आमची.

आपला,
औसा तालुक्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा
सध्या मुक्काम पुणे