माझ्या 'अपरोक्ष' झालेलं ऑपरेशन

दांडिया बाजार, वडोदरा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर बोलले की पुन्हा भांडण होईल, म्हणून हे पत्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन गुपचूप उरकलंत आणि आठ दिवसांनी कळवलंत. मी चिडून मेसेज केला, "माझ्या अपरोक्ष हे कसं केलंत?" त्यावर तुमचं उत्तर एवढंच: "अपरोक्ष नव्हे, परोक्ष." काळ्या चष्म्यातूनही चूक तेवढी बरोबर दिसली!

आई, तूही सामील होतीस. तुझ्याशी वेगळं बोलायचंय.

तर, तुम्हाला खोटं पाडायचंच म्हणून मी मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. (सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं, आई, तिथल्या काचेच्या जमिनीवर पाय टाकायला तू घाबरली होतीस.) कोश उघडला, आणि बाबांचंच खरं निघालं. पर म्हणजे पलीकडे, अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यापलीकडचं ते परोक्ष; त्याला 'अ' लावला की डोळ्यांसमोरचं. म्हणजे मी तुम्हाला विचारलं होतं, "माझ्या डोळ्यांदेखत हे कसं केलंत?" मग लहानपणी तुम्ही घोकून घेतलेलं पाणिनीचं 'परोक्षे लिट्' आठवलं. बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळाला वेगळा लकार, म्हणजे क्रियापदाचं वेगळं रूप! तुमचं ऑपरेशन त्यातच सांगायला हवं.

इथल्या गुजराती पेपरात जीएसटीसारख्या करांना 'परोक्ष' म्हणतात. रोज वाचते, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटतं, 'अप्रत्यक्ष'च्या संगतीने आपल्याकडे तो 'अ' चिकटला असावा. 'शास्त्राद् रूढिर्बलीयसी' (शास्त्रापेक्षा रूढी बलवान) हे तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटवणार होते. पण एकाच शब्दाचा अर्थ समोरही आणि पाठीमागेही, असं चालू दिलं तर वाचणाऱ्याने समजायचं काय? सासूबाई सरळ 'गैरहाजरीत' म्हणतात. त्यांचं बडोदी मराठी परवडलं.

डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना? आई, खरं लिही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली की आधी कळवा. मी रजा काढून येते. ते ऑपरेशन माझ्या अपरोक्षच व्हायला हवं. आता काढा चूक!

तुमची,
ताई