शर्यतीत पहिला आलेला डेटाबेस आणि आमच्या 17 ऑर्डरी

प्रति,
कस्टमर सपोर्ट विभाग

विषय: स्पर्धेतल्या आकड्यांवर विश्वास ठेवून घेतलेल्या लायसनबद्दल तक्रार

नमस्कार,

तिकीट टाकून तीन आठवडे झाले, दर वेळी "तुमचा सर्व्हर तपासा" एवढंच उत्तर येतं, म्हणून आता सगळंच लिहितो. आम्ही देवगडला पाच-सहा बागायतदार मिळून हापूसच्या पेट्यांचं ऑनलाईन बुकिंग घेतो. तुम्ही डेटाबेसची स्पर्धा भरवलीत, त्यात तुमचाच पहिला आला (असो), पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा सातपट फास्ट असं छापलंत, ते बघून आम्ही लायसन घेतलं.

एप्रिलात संध्याकाळी अवकाळी आला आणि लाईट गेली, नेमकं सहालाच नवीन बुकिंग उघडलेलं त्यामुळे गर्दी, यूपीएसची बॅटरी जुनी, दोन मिनिटं पीं पीं करून तीही बसली. बॅटरी आमची चूक, मान्य. पण लाईट आल्यावर बघतो तर शेवटच्या 17 ऑर्डरी गायब! पैसे जमा झालेत, गिऱ्हाइकाला "बुकिंग कन्फर्म" गेलंय आणि टेबलात काहीच नाही. रात्री साडेअकरापर्यंत मी आणि भाचा बँकेचे एसएमएस बघून एकेक नाव वहीत उतरवत होतो, तिघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही, त्यांनीच दुसऱ्या दिवशी फोन करून शिव्या घातल्या.

मग भाच्याने तुमच्या स्पर्धेची पीडीएफ नीट वाचली. साधी 7200 आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे मारणारी) हार्डडिस्क, एकच कनेक्शन आणि सेकंदाला चार हजार कमिट, म्हणजे पक्क्या केलेल्या नोंदी. अहो, ती डिस्क सेकंदाला 120 फेरे मारते, प्रत्येक कमिट खरंच डिस्कवर लिहायचं तर एका कनेक्शनवर साधारण तेवढेच होणार ना? म्हणजे तुमच्याकडे मेमरीत गेलं की झालं कमिट, डिस्कवर नंतर सवडीने. आमच्याकडे इन्स्टॉल करताना पण तीच सेटिंग आली, कोणी सांगितलं नाही. पोस्टग्रेस मात्र दर कमिटला डिस्कवर लिहूनच पुढे जाणारा, वर त्याचे शेअर्ड बफर्स (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) डिफॉल्ट 128 एमबीवर ठेवलेले आणि तुम्हाला 16 जीबी. आपली होडी रिकामी, दुसऱ्याची जाळ्यांसकट आणि नांगरही टाकलेला, मग शर्यत कसली?

वेबसाईटवरचे क्लिक मोजणाऱ्याचा अर्ध्या मिनिटाचा डेटा गेला तर त्याचं काही अडत नाही, त्याला तुमची सेटिंग चालेल. पण मग तसं वर मोठ्या अक्षरात लिहा की. डेटाबेसच्या अशा चाचण्यांचे नियम ठरवणारी टीपीसी ही संस्था 1988 पासून आहे, तिथे आकडा जाहीर करायचा तर सगळी सेटिंग आणि किंमत उघड करावी लागते, बाहेरचा ऑडिटर असतो, टीपीसी-सी या त्यांच्या चाचणीत तर चालू सिस्टिम मधेच बंद पाडून डेटा टिकतो का तेही दाखवावं लागतं. तुम्ही उलट लायसनमध्येच घातलंय की आम्ही मोजलेले आकडे कुठे छापायचे नाहीत.

तर दर कमिटला डिस्कवर लिहायची सेटिंग चालू करून तीच टेस्ट परत घ्या, आकडा आम्हाला लेखी पाठवा, नाहीतर लायसनचे पैसे परत करा. रिन्यूअल 31 मेला आहे, त्याआधी कळवा. फोन करणार असाल तर दुपारी दोननंतर करा, सकाळी गाडी भरायची असते.

आपला ग्राहक,
देवगड